गळून पडलेली पेशी काय सांगते?

माझगावात गोदीकामगारांच्या पिढ्या गेल्या. तंबाखू-चुना मळायचा आणि चिमूट गालात धरायची, हे इथे कुणाला नवं नाही. त्या गालाच्या आतल्या अस्तराविषयी आज आम्हाला बोलायचं आहे.

हे अस्तर सतत झडत असतं. वरच्या पेशी गळतात, खालून नव्या येतात. गळणाऱ्या पेशी खरवडून काचपट्टीवर पसरायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, ही रीत जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी रुजवली. ट्राउट यांच्यासह लिहिलेलं त्यांचं पुस्तक 1943 सालचं. विषय गर्भाशयाचा कर्करोग. पुढे दंतवैद्यांनी तीच रीत तोंडासाठी वापरून पाहिली. सुरी नाही, टाका नाही!

आपल्याकडे याची निकड मोठी होती. परळचं टाटा मेमोरियल 1941 साली सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख राहिलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी संघवी आणि राव यांच्यासह 1955 साली तंबाखू व तोंडा-घशाच्या कर्करोगाचा संबंध आकड्यांनिशी मांडला. नंतर डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या पोलिसांच्या तोंडातले पांढरे चट्टे दहा वर्षं तपासले. तो अभ्यास 1972 साली छापून आला.

आता अडचण बघा. पांढरा चट्टा म्हणजे बहुधा जाड झालेला थर. वरून खरवडलं तर हाती निर्जीव पापुद्रा येतो. बिघाड सुरू होतो तळाशी. मग ‘काही आढळलं नाही’ या अहवालाचा अर्थ काय लावायचा?

इथे आम्हाला कुमारिल भट्टांचे मीमांसक आठवतात. वस्तू दिसली नाही, यावरून ती नाही असं ज्ञान होतं, हे त्यांना मान्य. पण अट अशी, की ती असती तर दिसलीच असती. उजेडात टेबलावर घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच ठरत नाही. वरवरच्या पापुद्र्याचा निर्दोष अहवाल हा अंधारातला घडा आहे.

तळापर्यंत पोचणारे ताठ ब्रश पुढे आले, तरी संशय असला की तुकडा काढून तपासणं टळत नाही. म्हणून तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, किंवा चट्टा तसाच राहिला, तर पेशींचा अहवाल चांगला असूनही डॉक्टरांना पुन्हा विचारा: तुकडा तपासायला हवा का?