टोपणनावाला जामीन कोण?

१८४८ साली मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या सहीने पत्रे छापून येऊ लागली. जातिभेद, विधवांचे हाल, आपल्या समाजाचा आळस, कशाचीच त्यांत गय नव्हती. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख तेव्हा पंचविशीतले, सरकारी नोकरीतले. पत्रांची संख्या शंभराच्या वर गेली आणि 'शतपत्रे' म्हणून ती आजही वाचली जातात. नाव खरे नव्हते, पण दर पत्राखाली तेच होते. आज लिहिलेल्याचा जाब उद्या त्याच नावाला द्यावा लागे. शिवाय मध्ये संपादक भाऊ महाजन होते. छापले त्याची जबाबदारी त्यांच्यावर होती.

१९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातले तिने उघडपणे लिहिले आणि गदारोळ उडाला. ही विभावरी कोण, याचीच चर्चा अधिक झाली. त्या होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. प्रकाशक ह. वि. मोटे यांना नाव ठाऊक होते, पण त्यांनी ते फोडले नाही. मला वाटते, टोपणनावाला असा एक जामीन लागतो.

इंटरनेटवर हा मधला माणूसच नाहीसा झाला. २००६ च्या जूनमध्ये यूट्यूबवर 'लोनलीगर्ल १५' नावाने ब्री ही १६ वर्षांची मुलगी आपल्या खोलीतून मनातले बोलू लागली. हजारो लोकांना ती आपली वाटली. सप्टेंबरमध्ये उघड झाले की ती जेसिका रोझ नावाची अभिनेत्री आहे आणि बोलणे दुसऱ्यांनी लिहिलेले आहे. गंमत म्हणजे चेहरा पहिल्या दिवसापासून समोर होता. तेव्हा चेहरा दिसला म्हणजे माणूस कळला, असे नाही. उलट नाव झाकले म्हणजे माग पुसला, असेही नाही. काही चाहत्यांनी संगणकाच्या पत्त्याचा माग काढत थेट हॉलिवूडची एजन्सी गाठली होती.

हे सगळे मी घरी सांगत होतो, तेव्हा भाची म्हणाली, "मामू, हे कॅमेऱ्यासमोर सांगा." आमची ती पहिलीच चित्रफीत. तिचा मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर टेकवला, पंखा बंद केला आणि घाम पुसत सात मिनिटे बोललो.

तिची एक मैत्रीण तिथे होती. कुणीतरी खोट्या खात्यावरून तिच्या फोटोवर घाणेरडा मजकूर लिहून तो वर्गभर फिरवला होता. ती म्हणाली, "काका, मलाही सांगायचंय. पण नाव नको, चेहरा नको. बोलणं मात्र माझंच राहू दे."

छळणाऱ्याने नाव झाकले होते आणि आता तीही झाकणार होती. मग फरक काय? त्या खात्याला ना काल होता, ना उद्या. आज बंद केले, उद्या दुसरे उघडले. या मुलीला आम्ही ओळखत होतो, ते संदेश तिच्या फोनवर आम्ही पाहिले होते. म्हणून तिने लिहून दिले आणि भाचीने वाचले. हातातल्या अंगठीवरूनही ओळख पटेल म्हणून चित्रात फक्त खिडकी ठेवली. मोबाइल चित्रासोबत ठिकाणही नोंदवू शकतो, ती सोय आधीच बंद केली.

मग प्रश्न आला माझ्या नावाचा. माझे नाव ऐकले की अनेकांचे पहिले वाक्य ठरलेले असते, "तुमचं मराठी किती शुद्ध हो!" मी काय म्हणालो ते मागेच राहते. कवितेखाली दुसरे नाव असते तर लोकांनी ती कशी वाचली असती, हा विचार कितीदा मनात आला आहे. भाचीने विचारले, "नाव शेवटी टाकू का?"

मी म्हटले, पहिल्याच चौकटीत टाक, पुरते टाक, आणि खाली माझे गावही लिही. तिचे नाव आपण सांगणार नाही. मग ऐकणाऱ्याने विचारायला कुणाच्या दारी यायचे, ते तरी त्याला कळले पाहिजे.