खामगावचा भाव लिव्हरपूलला कसा ठरू लागला?

आज तुम्ही मोबाइलवर कापसाचा भाव बघता ना, त्या भावाची गोष्ट आपल्याला १८७० च्या खामगावात घेऊन जाते. त्या वर्षी जलंबहून खामगावला रेल्वेचा छोटा फाटा आला आणि उद्घाटनाला थेट व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एका तालुक्याच्या गावासाठी व्हाइसरॉय! त्याच वर्षी मुंबई आणि लंडन समुद्राखालच्या तारेनं जोडले गेले.

आता थोडं मागे जाऊ. १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला. कारण कागदावर फौजेच्या खर्चाची थकबाकी होती, पण डोळा काळ्या जमिनीवरही होता. तोवर इथला कापूस गावातच कातला-विणला जायचा, आणि उरलेला बैलांच्या पाठीवर लादून पार मिर्झापूरपर्यंत जायचा. पुढे १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा फार मोठा हिस्सा तिथूनच यायचा. तो अडकला, आणि मँचेस्टरची नजर इकडे वळली.

युद्धाच्या चार वर्षांत भाव आभाळाला भिडले. मुंबईत पैशाचा पूर आला, वऱ्हाडातही थोडाफार झिरपला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला. पण नागपूरकडे निघालेली रेल्वे काही थांबली नाही, ती १८६७ ला पोचलीच. आणि मला इथलीच गोष्ट महत्त्वाची वाटते: तेजी गेली, पण तेजीनं बसवलेली घडी राहिली.

ती घडी अशी. शेतसारा रोख भरायचा, म्हणून नगदी पीक हवं. पेरणीला पैसा सावकाराचा, म्हणून पीक निघायच्या आधीच त्याचं. ज्वारीच्या रानात पऱ्हाटी उभी राहिली. मग विलायती कापड स्वस्तात आलं आणि कातणाऱ्या-विणणाऱ्यांचा हातचा धंदा गेला, तेही मजुरीला शेतात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात धान्य विकत मिळत होतं, घ्यायला पैसा नव्हता. माणसं गेली, आणि कापसाच्या गाठी मुंबईकडे जातच राहिल्या.

इमॅन्युएल वॉलरस्टाईन यांनी १९७४ पासून मांडलेल्या सिद्धांतात जग म्हणजे एकच अर्थव्यवस्था: मधे केंद्र, कडेला परीघ. परीघ मागास 'राहत' नाही, तो व्यवहारातूनच मागास होतो. दादाभाई नौरोजी संपत्तीच्या निचऱ्याबद्दल त्याच्या शंभर वर्षं आधीपासून बोलत होते, हे आपण विसरतो. खरं सांगू का, वॉलरस्टाईन वाचताना शेतकरी दिसत नाही, नुसते बाण दिसतात नकाशावर. माणूस दिसतो तो लक्ष्मण सत्या यांच्या वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांवरच्या १९९७ च्या पुस्तकात. स्वेन बेकर्ट यांनी कापसाचा जागतिक इतिहास लिहिला, त्यातही खामगाव भेटतं.

जाता जाता 'शकुंतला'. यवतमाळ-मूर्तिजापूरची ती अरुंद रुळांची गाडी कापसासाठीच टाकलेली. स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं लाइन खासगी कंपनीच्या मालकीची, आणि रेल्वे तिला पैसे मोजून त्यावर गाडी चालवायची.

पुढच्या भागात याच तेजीची मुंबईची बाजू: प्रेमचंद रायचंद आणि १८६५ चा शेअरचा फुगा.