‘गर्द’चे वाचक आणि आपण
व्यसनाची कहाणी वाचून आपण हळहळतो. फार तर संपादकांस पत्र धाडतो. अनिल अवचटांचे ‘गर्द’च्या नशेवरील लेख वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी मात्र एक लाख रुपये देऊ केले. त्या बळावर २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यास ‘मुक्तांगण’ सुरू झाले, डॉ. अनिता अवचटांनी ते वाढविले. पु. ल. एकेकाळी बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवीत, याचा आम्हा सीमावासीयांस कोण अभिमान! परंतु याच अवचटांनी निपाणीच्या वखारींत तंबाखूच्या धुळीत राबणाऱ्या बायकांविषयीही लिहिले होते. आमच्यापैकी कित्येकांची घरे आणि शिक्षणे त्याच तंबाखूवर उभी राहिली. गर्दवर आम्ही तावातावाने बोललो. निपाणीवरचा लेख वाचून मात्र, पानाची चंची जवळ ओढीत, गप्प बसलो.