नामदार गोखले यांची दक्षिण आफ्रिका भेट (१९१२) : भारतीय परराष्ट्र धोरणाची पूर्वपीठिका

भारताच्या परराष्ट्र धोरणाचा अभ्यास सामान्यतः १९४७ पासून, फार तर १९४६ च्या हंगामी सरकारपासून सुरू केला जातो. परतंत्र देशाला स्वतःचे परराष्ट्र धोरण असू शकत नाही, हे घटनात्मकदृष्ट्या बरोबरच आहे. तथापि परदेशस्थ भारतीयांच्या वतीने दुसऱ्या देशाच्या मंत्र्यांशी बोलणी करण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न त्यापूर्वी चौतीस वर्षे झाला होता. तो करणारे गोपाळ कृष्ण गोखले हे फर्ग्युसन महाविद्यालयाचे माजी प्राध्यापक आणि १२ जून १९०५ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या भारत सेवक समाजाचे संस्थापक होते.

नाताळ वसाहतीत १८६० पासून भारतीय मजूर कराराने नेले जात. करार संपल्यावर त्यांनी स्वतंत्रपणे तेथे राहू नये, म्हणून १८९५ च्या कायद्याने त्यांच्यावर दरसाल ३ पौंडांचा कर बसविण्यात आला. करारबद्ध मजुराला पहिल्या वर्षी दरमहा सुमारे १० शिलिंग मिळत. म्हणजे हा कर सहा महिन्यांच्या मजुरीइतका होता, आणि पत्नी व वयात आलेली मुले यांच्यावरही तो स्वतंत्रपणे लागू होता. २५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखले यांनी मध्यवर्ती कायदे कौन्सिलात नाताळसाठी होणारी मजूरभरती बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारने तो स्वीकारला व जुलै १९११ पासून ही भरती थांबली. उसाचे मळे याच मजुरांवर चालत असल्याने हा घाव नेमक्या जागी बसला. आज ज्याला आर्थिक निर्बंध म्हणतात, त्याचेच हे आरंभीचे रूप मानावे लागेल.

२२ ऑक्टोबर १९१२ रोजी गोखले केपटाउन येथे उतरले. संघ सरकारने त्यांच्यासाठी रेल्वेचा खास डबा दिला. गांधीजी चिटणीसाप्रमाणे सतत बरोबर होते. जोहान्सबर्ग येथील भारतीयांच्या सभेत कोकणी मुसलमान व महाराष्ट्रीय हिंदू असल्याने गोखले यांनी मराठीत बोलावे, असा आग्रह गांधीजींनी धरला आणि त्या भाषणाचा हिंदुस्थानी अनुवाद स्वतः केला. गांधीजींनीच ही हकीकत नोंदविली आहे. इंग्रजी वक्तृत्वासाठी ख्यातनाम असलेल्या नेत्याचे मराठी आफ्रिकेत ऐकू यावे, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

१४ नोव्हेंबर रोजी प्रिटोरिया येथे पंतप्रधान बोथा, जनरल स्मट्स आदी मंत्र्यांशी गोखले यांची भेट झाली. गांधीजी या भेटीस हजर नव्हते. ३ पौंडांचा कर रद्द होणार, असा विश्वास घेऊन गोखले परतले. गांधीजींना मात्र तो वाटत नव्हता. गांधीजींची शंका खरी ठरली. १९१३ साली नाताळमधील गोऱ्या प्रतिनिधींचा विरोध पुढे करून कर कायम ठेवण्यात आला. वचन तोंडी असल्याने ते दिले होते की नाही, याविषयीच वाद माजला. गोखले यांच्या मुत्सद्देगिरीची मर्यादा येथे दिसते. समोरच्या पक्षाच्या सद्भावावर त्यांनी जितका भरवसा ठेवला, तितका ठेवण्यास त्यांच्या हाती आधार नव्हता.

तो आधार मजुरांनी दिला. ऑक्टोबर १९१३ मध्ये न्यूकॅसलच्या कोळसा खाणींतील भारतीय कामगारांनी संप पुकारला व तो उसाच्या मळ्यांपर्यंत पसरला. प्रकृती खालावलेली असतानाही गोखले यांनी भारतात निधी उभारला, लोकमत जागे केले आणि अँड्र्यूज व पिअर्सन यांना आफ्रिकेला पाठविले. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी मद्रास येथील भाषणात सत्याग्रहींबद्दल उघड सहानुभूती व्यक्त केली. साम्राज्याच्या प्रतिनिधीने साम्राज्यातीलच एका स्वायत्त सरकारविरुद्ध जाहीरपणे बोलावे, हे अपूर्व होते. १९१४ च्या कायद्याने कर रद्द झाला. प्रिटोरियातील बोलण्यांना जे साधले नव्हते ते संप, निधी व लोकमत यांच्या जोडीने साधले. अर्थात हा सारा व्यवहार भारतीयांपुरता होता. आफ्रिकेतील मूळ बहुसंख्य समाजाच्या हक्कांना त्यात स्थान नव्हते, हे विसरता येत नाही.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले यांचे पुण्यात निधन झाले. समाजाचे नवे अध्यक्ष श्रीनिवास शास्त्री १९२७ साली दक्षिण आफ्रिकेतील भारताचे पहिले एजंट झाले. मात्र ज्या केपटाउन करारानंतर ते गेले, त्यात भारतीयांना मायदेशी परत पाठविण्याच्या योजनेलाही मान्यता होती. पुढील अध्यक्षांपैकी हृदयनाथ कुंझरू यांचा आंतरराष्ट्रीय घडामोडींच्या अभ्यासासाठी १९४३ साली निघालेल्या ‘इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स’च्या उभारणीत प्रमुख वाटा होता.

१९४६ साली दक्षिण आफ्रिकेने भारतीयांच्या जमीनधारणेवर निर्बंध घालणारा कायदा केला. भारताने त्या देशाशी व्यापार तोडला आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेला. आमसभेत भारताची बाजू विजयालक्ष्मी पंडित यांनी मांडली. हा आमच्या देशाचा अंतर्गत प्रश्न आहे, असा बचाव करण्यासाठी समोर उभे होते ते पंतप्रधान स्मट्स. प्रिटोरियात गोखले यांच्यासमोर बसलेले तेच. ८ डिसेंबर १९४६ रोजी भारताच्या बाजूचा ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी संमत झाला.