स्वामित्वहक्क : दुसऱ्याची निर्मिती वापरताना

शाळेच्या स्नेहसंमेलनाचा अंक असो, इंदूर किंवा बडोद्याच्या महाराष्ट्र मंडळाची स्मरणिका असो अथवा हौशी कलावंतांचा नाट्यप्रयोग असो, दुसऱ्याची कविता, छायाचित्र किंवा नाटक वापरण्याचा प्रसंग अनेकांवर येतो. मूळ निर्मात्याचे नाव छापले की कर्तव्य संपले, असा समज सर्वत्र आढळतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र श्रेय देणे आणि परवानगी घेणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्याचबरोबर, प्रत्येक वापरासाठी परवानगी लागतेच, हा समजही बरोबर नाही.

संरक्षण कशाला?

भारतात स्वामित्वहक्काचा, म्हणजेच कॉपीराइटचा, विद्यमान कायदा १९५७ चा असून तो २१ जानेवारी १९५८ रोजी अंमलात आला. साहित्य, नाट्य, संगीत, चित्र, शिल्प, छायाचित्र, चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांना तो संरक्षण देतो. संगणक प्रणालींचा समावेश साहित्यकृतींत होतो. कृती निर्माण होताच हक्क प्राप्त होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. मात्र वाद उद्भवल्यास नोंदणी हा प्रथमदर्शनी पुरावा ठरतो.

हे संरक्षण कल्पनेला नव्हे, तर तिच्या अभिव्यक्तीला असते. ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकाचे लेखक आर. जी. आनंद यांनी १९५६ च्या ‘न्यू दिल्ली’ या चित्रपटाविरुद्ध दाद मागितली होती. दोन्ही कृतींचा विषय प्रांतवाद हाच होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये चित्रपटाच्या बाजूने निकाल देताना, कल्पना, विषय वा ऐतिहासिक घटना यांवर कोणाचाही स्वामित्वहक्क असू शकत नाही, हे तत्त्व स्पष्ट केले.

मुदत किती?

लेखक, संगीतकार व चित्रकार यांच्या कृतींवरील हक्क त्यांच्या हयातीत आणि निधनानंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर यांचे निधन १९४१ मध्ये झाल्याने त्यांच्या साहित्यावरील विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपणार होता. त्या पार्श्वभूमीवर सर्वांसाठीच मुदत दहा वर्षांनी वाढविण्यात आली आणि टागोरांचे साहित्य १ जानेवारी २००२ पासून सर्वांसाठी खुले झाले. चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांची मुदत प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे मोजली जाते.

एकाच कृतीत अनेकांचे हक्क गुंतलेले असतात, हे ‘श्यामची आई’च्या उदाहरणावरून दिसून येते. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यामुळे मूळ पुस्तक २०११ च्या प्रारंभापासून हक्कमुक्त आहे. आचार्य अत्रे यांचा चित्रपट १९५३ चा असल्याने चित्रपट म्हणून त्याची मुदत २०१३ अखेर संपली. तथापि, अत्रे यांचे निधन १९६९ मध्ये झाल्याने त्यांनी चित्रपटासाठी लिहिलेल्या गीतांवरील हक्क २०२९ अखेरपर्यंत, तर संगीतकार वसंत देसाई यांचे निधन १९७५ मध्ये झाल्याने संगीतावरील हक्क २०३५ अखेरपर्यंत राहतो. त्याचप्रमाणे हक्कमुक्त पुस्तकाचा कोणी नवा अनुवाद केल्यास त्या अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो.

परवानगीविना काय करता येते?

कायद्याचे कलम ५२ वाचक, विद्यार्थी व अभ्यासक यांच्यासाठी महत्त्वाचे आहे. खासगी वापर व संशोधन, टीका किंवा परीक्षण, तसेच चालू घडामोडींचे वृत्तांकन यांसाठी कृतीचा उचित वापर करण्यास त्यात मुभा आहे. ग्रंथपरीक्षणात आवश्यक तेवढा उतारा देता येतो. मात्र परीक्षणाच्या नावाखाली संपूर्ण कथा छापणे उचित ठरणार नाही. हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांसमोर केलेल्या नाट्यप्रयोगालाही सूट आहे. तिकीट लावून प्रयोग करावयाचा असल्यास सर्वसाधारणपणे हक्कदाराची परवानगी आवश्यक ठरते. न्यायालयीन निकाल सामान्यतः मुक्तपणे छापता येतात.

अध्यापनासाठीच्या सवलतीची कसोटी दिल्ली विद्यापीठाच्या प्रकरणात लागली. पाठ्यक्रमासाठी पुस्तकांतील निवडक भागांच्या छायाप्रतींचे संच तयार करण्यास काही आंतरराष्ट्रीय प्रकाशनसंस्थांनी २०१२ मध्ये आव्हान दिले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विद्यापीठाची बाजू मूलतः मान्य केली. अध्यापनाच्या हेतूसाठी आवश्यक तेवढा वापर कायद्यात बसतो, असे खंडपीठाने स्पष्ट केले. पुढे २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

निर्मात्याचा सन्मान

हक्क विकल्यानंतरही निर्मात्याचे काही अधिकार अबाधित राहतात. कृतीवर आपले नाव असावे आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी तिची मोडतोड होऊ नये, अशी मागणी तो कलम ५७ अन्वये करू शकतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीतील विज्ञान भवनासाठी घडविलेले भव्य ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकण्यात आले व त्यात त्याची हानी झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पाचे अवशेष सहगल यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला.

२०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांचे कवी व संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या स्वामित्वधनात समान वाटा मिळण्याची तरतूद झाली. दृष्टिहीन व अन्य दिव्यांग व्यक्तींसाठी पुस्तके सुलभ स्वरूपात तयार करण्याची मुभाही त्याच दुरुस्तीने दिली.

परवानगी कोणाकडे मागावी?

निर्माता आणि हक्कदार एकच असेल असे नाही. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसल्यास, सामान्यतः मालक असतो. पुस्तकाच्या बाबतीत लेखक, त्याचे वारस किंवा प्रकाशक यांपैकी हक्क कोणाकडे आहेत, याची प्रथम खात्री करावी. हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असणे आवश्यक आहे. करारात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे मानली जाते. नवोदित लेखकांनी ही तरतूद ध्यानात ठेवणे हिताचे आहे.

परवानगी मागताना कोणता भाग, कोठे, किती प्रतींसाठी आणि विक्रीसाठी की विनामूल्य वापरावयाचा आहे, हे स्पष्ट लिहावे व उत्तर जपून ठेवावे. उत्तर न येणे म्हणजे संमती नव्हे. इंटरनेटवर सहज सापडणारे छायाचित्रही त्यामुळे हक्कमुक्त ठरत नाही. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’सारख्या परवान्याखाली दिलेल्या कृती त्यातील अटी पाळून वापरता येतात.

जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. उल्लंघन व्यापारी लाभासाठी नसल्यास न्यायालय ही शिक्षा कमी करू शकते. बहुतेक प्रसंगी मात्र वेळीच पाठविलेले एक पत्र असा वाद टाळण्यास पुरेसे ठरते.