कार्डाचा नंबर आणि दुकानदाराची जबाबदारी : २००४ ते २०२२

जयसिंगपूर हे व्यापाराचं गाव. राजर्षी शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं ते वसवलं, आखीव गल्ल्यांचं. इथल्या पेठेत उधारी चालायची ती चोपडीवर. कुणाचं किती येणं हे चोपडीत असायचं, पण चोपडी चोरीला गेली म्हणून गिऱ्हाइकाच्या घरातले पैसे जात नव्हते. कार्ड आलं आणि नेमका हाच फरक पडला. नुसता नंबर हाती लागला तरी पैसे जाऊ लागले.

सुरुवातीला व्हिसा, मास्टरकार्ड अशा प्रत्येक कंपनीचे सुरक्षेचे नियम वेगवेगळे होते. डिसेंबर २००४ मध्ये त्यांनी मिळून एक नियमावली काढली, ती 'पीसीआय डीएसएस'. २००६ मध्ये पाच कंपन्यांनी ती सांभाळायला स्वतंत्र परिषद स्थापली. नियमावलीत मुख्य कलमं १२. जो कुणी कार्डाची माहिती साठवतो, हाताळतो किंवा पुढं पाठवतो, त्या प्रत्येकाला ती लागू. हा सरकारी कायदा नव्हे. बँकेशी आणि कार्ड कंपनीशी केलेल्या करारातून येणारं बंधन आहे. मोठ्या व्यवसायांची बाहेरच्या तपासनिसाकडून तपासणी होते, लहानांना साधारणपणे स्वतःच प्रश्नावली भरून द्यावी लागते. एक कलम मात्र सगळ्यांनी पाठच करावं : व्यवहार मंजूर झाल्यावर सीव्हीव्ही आणि पिन कुठंही ठेवायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेतलं, आपला काय संबंध? तर २०१८ सालाकडे या. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक, स्थापना १९०६ ची. ११ ऑगस्टला, शनिवारी, चोरट्यांनी बनावट कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले. भारतातही रुपे कार्डांवरून अडीच कोटी गेले, आणि त्यात आपल्या कोल्हापुरातली एटीएम होती. १३ तारखेला आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले. एकूण ९४ कोटींच्या वर.

हे झालं कसं? एटीएम बँकेला विचारतं, "पैसे देऊ का?" चोरट्यांनी मध्येच आपली बनावट यंत्रणा बसवली. प्रश्न बँकेपर्यंत पोचतच नव्हता. 'द्या' हे उत्तर चोरच देत होते. खातेदारांच्या खात्यातून पैसे गेले नाहीत, पण बँकेचे गेले. आणि सहकारी बँक म्हणजे शेवटी सभासदांचीच. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं.

या काळात रिझर्व्ह बँक एकेक दार लावत होती. २००९ मध्ये ऑनलाइन व्यवहाराला दुसरी ओळख सक्तीची झाली. काळ्या पट्टीची कार्डं बदलून चिपची द्यायला २०१८ अखेरची मुदत दिली. आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारानं, ऑनलाइन विक्रेत्यानं कार्डाचा नंबर साठवायचाच नाही, त्याऐवजी टोकन. टोकन म्हणजे त्या दुकानापुरता चालणारा बदली नंबर. तो चोरून दुसरीकडं काही उपयोग नाही.

अठरा वर्षांचा हा प्रवास बघितला तर दिशा स्पष्ट दिसते. आधी नियम सांगत होता, 'जवळ आहे ते नीट सांभाळा.' आता सांगतो, 'जवळ ठेवूच नका.' लहान व्यापाऱ्याच्या हे फायद्याचं आहे. जे आपल्याकडं नाहीच, ते आपल्याकडून चोरीला जात नाही.

म्हणून सराफ असो, कृषी सेवा केंद्र असो, तीन गोष्टी पाळा. गिऱ्हाइकाचं कार्ड त्याच्या नजरेआड नेऊ नका. कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नका. आणि वहीत नंबर उतरवू नका. पेठेत पत कमवायला पिढ्या जातात, घालवायला एक कागद पुरतो.