फेर्मा संख्या, पाचवी

२ च्या ३२ व्या घातात १ मिळविला असता येणारी संख्या. हिचे मूल्य ४,२९,४९,६७,२९७ आहे. फ्रेंच गणितज्ञ प्येअर द फेर्मा यांचे एक प्रसिद्ध अनुमान या संख्येमुळे खोटे ठरले. संख्या सिद्धांताच्या इतिहासात तिला महत्त्व आहे ते यामुळेच.

२ च्या एखाद्या घातात १ मिळवून, व त्या घाताचा घातांक स्वतः २ चा घात (१, २, ४, ८,...) असताना, मिळणाऱ्या संख्यांना फेर्मा संख्या म्हणतात. त्यांचे क्रमांक शून्यापासून मोजतात. ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या पहिल्या पाच संख्या अविभाज्य आहेत. यावरून अशा सर्वच संख्या अविभाज्य असाव्यात, असे मत फेर्मा यांनी १६४० मध्ये पत्रव्यवहारात मांडले. मात्र त्याची सिद्धता त्यांना देता आली नाही.

क्रिस्टियान गोल्डबाख यांनी १७२९ मध्ये एका पत्राद्वारे लेओनार्ड ऑयलर यांचे या अनुमानाकडे लक्ष वेधले. पाचव्या संख्येला ६४१ ने भाग जातो, हे ऑयलर यांनी १७३२ मध्ये दाखविले. तिचे अविभाज्य अवयव ६४१ व ६७,००,४१७ हे होत. या संख्येचा कोणताही अविभाज्य अवयव ६४ च्या पटीहून १ ने अधिक असलाच पाहिजे, असे त्यांनी पुढे सिद्ध केले. त्यामुळे १९३, २५७, ४४९ व ५७७ यांच्यानंतर ६४१ हा पाचवाच भाजक तपासावा लागतो.

हा भागाकार प्रत्यक्ष न करताही पडताळता येतो. ६४१ = ६४० + १ असल्याने ६४० च्या चौथ्या घातातून १ वजा केल्यास बाकीस ६४१ ने भाग जातो. तसेच ६४१ = ६२५ + १६ असल्याने २ च्या २८ व्या घाताला ६४१ ने गुणल्यास ६४० चा चौथा घात व २ चा ३२ वा घात यांची बेरीज मिळते. या दोन राशींची वजाबाकी म्हणजेच पाचवी फेर्मा संख्या होय.

या संख्यांचा भूमितीशी असलेला संबंध कार्ल फ्रीड्रिख गौस यांनी उघड केला. १७९६ मध्ये त्यांनी १७ बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी व कंपास यांच्या साहाय्याने काढता येतो, हे सिद्ध केले. बाजूंची संख्या विषम असल्यास ती अविभाज्य फेर्मा संख्या किंवा अशा भिन्न संख्यांचा गुणाकार असावी लागते. या अटीची आवश्यकता प्येअर व्हांत्झेल यांनी १८३७ मध्ये सिद्ध केली. ज्ञात असलेल्या पाचही अविभाज्य फेर्मा संख्यांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे पाचव्या फेर्मा संख्येहून बरोबर २ ने कमी आहे. अशा रीतीने काढता येणाऱ्या विषमबाजू बहुभुजांपैकी ज्ञात असलेला सर्वांत मोठा बहुभुज इतक्याच बाजूंचा आहे.

सहाव्या संख्येचे अवयव १८८० मध्ये, सातव्या संख्येचे १९७० मध्ये व आठव्या संख्येचे १९८० मध्ये मिळाले. संख्या विभाज्य ठरविणे व तिचे अवयव शोधणे या भिन्न गोष्टी आहेत. चौदावी संख्या विभाज्य असल्याचे १९६० नंतरच्या दशकातच कळले होते. परंतु तिचा पहिला अवयव २०१० मध्ये सापडला. पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंतच्या सर्व फेर्मा संख्या विभाज्य ठरल्या असून ६५,५३७ नंतरची एकही अविभाज्य फेर्मा संख्या ज्ञात नाही. तथापि अशी संख्या असूच शकत नाही, हेही सिद्ध झालेले नाही. [⟶ संख्या सिद्धांत].